दम आधी परततो, पोटरी मागाहून

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची निघाली. तरुणपणी धावलेली आणि मध्ये बरीच वर्षे खंड पडलेली माणसे क्रॉस कंट्रीकडे, म्हणजे माळरानातल्या चढउतारांवरून पळण्याच्या शर्यतीकडे, पुन्हा वळू पाहत आहेत. म्हणून या खेपेस इतर प्रश्न बाजूला ठेवून ही तीन पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी 54 वर्षांचा असून कोल्हापुरात एका बँकेत नोकरी करतो. महाविद्यालयात असताना दोन वर्षे विद्यापीठाच्या क्रॉस कंट्री संघात होतो आणि मैदानावर 10 हजार मीटर अंतर 34 मिनिटांत पळत असे. नोकरी लागली आणि 24 व्या वर्षी सारे सुटले. तेव्हा वजन 58 किलो होते, आता 74 आहे. गेली दोन वर्षे रोज 5 किलोमीटर चालतो. मार्चपासून पळायला लागलो आणि सहा आठवड्यांत दम इतका छान परतला की 6 किलोमीटर न थांबता होऊ लागले; पण सातव्या आठवड्यात डाव्या टाचेच्या वरची शीर दुखू लागली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. तीन आठवडे थांबलो, पुन्हा पळालो, पुन्हा दुखले. उजवा गुडघाही जिना चढताना वाजतो. वडिलांना 58 व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. जानेवारीत प्रौढ गटातून क्रॉस कंट्री पळण्याचा विचार आहे. हे शहाणपणाचे आहे का, आणि जुन्या वेळेच्या किती जवळ जाता येईल?

उत्तर : वडिलांचा उल्लेख आपण पत्राच्या शेवटाकडे केला आहे, पण सुरुवात तेथूनच करावी लागेल. आपल्या लोकांना हृदयविकार पाश्चात्त्य देशांतील माणसांपेक्षा कमी वयात गाठतो, आणि तरुणपणी केलेला व्यायाम तीस वर्षांनंतर रक्तवाहिन्यांचे रक्षण करीत बसत नाही. म्हणून टाच दुरुस्त होण्याची वाट न पाहता रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि पट्ट्यावर चालवून घेतली जाणारी स्ट्रेस टेस्ट एवढे हृदयरोगतज्ज्ञांकडून करून घ्यावे, आणि त्यांना ‘मी फिरायला जातो’ असे न सांगता ‘मला चढावर शर्यत पळायची आहे’ असे स्पष्ट सांगावे, कारण दोन्हींसाठी त्यांचा विचार वेगळा असतो. अहवाल चांगला आला तरी तो आयुष्यभराचा परवाना नव्हे. पळताना छातीवर दाब येणे, जबडा किंवा डावा हात दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, किंवा नेहमीच्याच चढाला अचानक नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्या दिवशी तेथेच थांबावे आणि घरी न जाता दवाखान्यात जावे. अंगात ताप असताना तर कोणत्याही वयात पळू नये.

आता टाच. आपल्या पत्रातील सर्वांत बोलके वाक्य ‘सहा आठवड्यांत दम छान परतला’ हे आहे, कारण तुमचे दुखणे त्यातच दडलेले आहे. हृदय आणि स्नायू व्यायामाला आठवड्यांच्या हिशेबाने साथ देतात. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, म्हणजे अकिलीस स्नायुबंध, मात्र महिन्यांच्या हिशेबाने घट्ट होतो, कारण त्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो आणि पन्नाशीनंतर त्याची लवचिकताही कमी झालेली असते. जो माणूस पूर्वी कधीच पळालेला नाही तो या काळात आपोआप सावकाश जातो. माजी खेळाडूचे तसे होत नाही. त्याच्या अंगाला पावलाची लय आणि चढाला पुढे झुकण्याची ढब अजून आठवत असते, त्यामुळे जरा दम आला की तो 22 व्या वर्षीच्या पायांनी पळू लागतो आणि भार पडतो तो 54 वर्षांच्या शिरेवर.

हे मी स्वानुभवावरून लिहीत आहे. वयाच्या 49 व्या वर्षी, पुन्हा पळू लागून दोन महिने झालेले असताना, पुण्यात तळजाईच्या टेकडीवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले बाजूने पुढे गेली आणि मला राहवले नाही. चढाच्या मध्यावर पोटरीवर कोणीतरी मागून दगड मारल्यासारखे वाटले. रागाने वळून पाहिले तर मागे कोणीही नव्हते. पोटरीचा स्नायू फाटला होता, आणि त्या मुलांपैकीच दोघांनी मला खांद्याचा आधार देऊन रस्त्यापर्यंत आणले.

आपल्या दुखण्यावर निव्वळ विश्रांती पुरत नाही, हे आपण अनुभवलेच आहे. विश्रांतीने वेदना शमते, पण शीर बळकट होत नाही. उलट ती आणखी थोडी कमकुवत होते. या दुखण्यावरचा सर्वांत ओळखीचा व्यायाम स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन या अस्थिशल्यविशारदांच्या नावाने ओळखला जातो. ते स्वतः धावत आणि त्यांचीही टाच दुखत असे. 15 हौशी खेळाडूंवर केलेला हा प्रयोग त्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहावे, दोन्ही पायांनी टाचा उचलाव्यात, मग सारा भार दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच पायरीच्या पातळीखाली अगदी सावकाश सोडावी आणि वर येताना पुन्हा दुसऱ्या पायाची मदत घ्यावी. असे 15 वेळा, तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि तीन फेऱ्या किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे करायचे असते. कठड्याला हात धरावा. थोडे दुखले तरी चालते. दुखणे वाढत जाऊ लागले तर फेऱ्या कमी कराव्यात. पायरीखाली टाच सोडण्याचा हा प्रकार टाचेच्या दोन-तीन बोटे वर दुखत असेल तर योग्य ठरतो. अगदी हाडाला चिकटून दुखत असेल तर टाच खाली न सोडता सपाट जमिनीवरच करावा, आणि नेमके कोठे दुखते ते एकदा फिजिओथेरपिस्टकडून पाहून घ्यावे.

पुढची सारी तयारी रोज सकाळच्या पहिल्या दहा पावलांवर ठरवा. पलंगावरून पाय खाली टाकून मोरीपर्यंत जाताना टाच आखडलेली वाटली आणि दहाव्या पावलाला मोकळी झाली, तर कालचा भार शिरेला सोसला असे समजावे. ती तशीच राहिली, अंघोळ होईपर्यंत लंगडावे लागले, तर त्या दिवशी पळणे नाही, फक्त चालणे. मनगटावरच्या घड्याळांपेक्षा ही चाचणी मला अधिक भरवशाची वाटते.

गुडघ्याविषयी थोडक्यात. गुडघा नुसता वाजतो, दुखत नाही आणि सुजतही नाही, तर त्या आवाजाकडे दुर्लक्ष करावे. हौशी पळण्याने गुडघे झिजतात ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. प्रत्यक्षात जुनी दुखापत आणि वाढलेले वजन हीच कारणे जास्त भोवतात. जुनी दुखापत आपल्याला नाही. पण 16 किलोंचे ओझे आहे, आणि पळताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो.

जानेवारीपर्यंत हाती साधारण सात महिने आहेत. पहिले तीन महिने आठवड्यातून तीन-चार दिवस, एक दिवसाआड, तीन मिनिटे पळणे आणि दोन मिनिटे चालणे अशा पद्धतीने अर्ध्या तासापासून सुरुवात करावी, आणि हे आपल्याला लाजिरवाणे वाटेल इतके सावकाश करावे. वेगाचा अंदाज नाडीवरून घ्यायचा तर ‘220 वजा वय’ या जुन्या सूत्राऐवजी वयाला 0.7 ने गुणून तो आकडा 208 मधून वजा करावा. आपल्यासाठी सर्वाधिक ठोके सुमारे 170 येतात. हाही अंदाजच आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे, ही कसोटी पुरते. आठवड्यातून दोन दिवस बैठका, एका पायावर उठणे-बसणे आणि पोटरीचे व्यायाम वजन घेऊन करावेत, कारण पन्नाशीनंतर स्नायू घटतात आणि नुसत्या पळण्याने ते भरून निघत नाहीत. दात घासताना एका पायावर उभे राहावे, डोळे मिटून जमले तर उत्तम. ऊबडखाबड जमिनीवर घोटा मुरगळण्यापूर्वी सावरण्याची जी क्षमता लागते ती वयानुसार मंदावते, आणि क्रॉस कंट्रीत तिच्याशिवाय भागत नाही.

चौथ्या महिन्यापासून माती. कोल्हापूरकरांना जागेची वाण नाही. पावसाळ्यात मात्र पंचगंगेकाठच्या काळ्या रानात शिरू नये. ती माती बुटाला अशी धरते की शंभर पावलांत प्रत्येक पायात अर्धा-अर्धा किलोचे ढेकूळ घेऊन आपण पळत असतो, आणि ते ओझे थेट अकिलीसवर येते. मुरमाड माळ किंवा गवताचे मैदान पाहावे. चढ आधी घ्यावेत, उतार नंतर. लोक चढाला भितात, पण स्नायू फाडतो तो उतार, कारण तेथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आवळावे लागतात. जोतिबाच्या पायवाटेने एकदा धावत उतरलात तर दोन दिवसांनी जिना उतरताना कठडा धरावा लागेल. म्हणून उतारावर पहिले काही आठवडे चालावे आणि मग आखूड पावलांनी पळावे. जोराचा सराव दहा दिवसांतून दोनदा, त्याहून जास्त नको. विद्यापीठात असताना मंगळवारी जोर काढून गुरुवारी पुन्हा जोर काढता येत असे. आता तो गुरुवार शनिवारवर गेला आहे. अणकुचीदार खिळ्यांचे बूट तर टाच सहा आठवडे न दुखता गेल्यावरच घालावेत. त्यांची टाच सपाट असते आणि शिरेवर ताण वाढतो. तोपर्यंत खोल नक्षीच्या तळव्याचे साधे ट्रेल शूज वापरावेत.

जुन्या वेळेचे म्हणाल, तर पळण्याची घडी मोडलेल्या माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात सुमारे 10 टक्क्यांनी उतरते. नेटाने सराव चालू ठेवणाऱ्यांत ही घसरण जवळजवळ निम्मी होते, थांबत मात्र नाही. प्रौढ खेळाडूंसाठी वयानुसार वेळेची तुलना करणारे तक्ते असतात. त्यांच्या हिशेबाने आपली 34 मिनिटे 55 व्या वर्षी साधारण 40 मिनिटांच्या तोडीची ठरतात, म्हणजे आज 40 मिनिटांत 10 किलोमीटर पळाल्यास आपण तेव्हाइतकेच चांगले पळालात. पहिल्या वर्षी तेही होणार नाही. 50 मिनिटांच्या आत आलात तरी मला आनंद होईल. इंग्लंडमध्ये तरुणपणी पळालेले, कॅनडात स्थायिक झाल्यावर पळणे सोडलेले आणि चाळिशीत परतलेले एड व्हिटलॉक हे अभियंते 2003 मध्ये, 72 व्या वर्षी, तीन तासांच्या आत मॅरेथॉन पळणारे सत्तरीपुढचे पहिले धावपटू ठरले. मात्र त्यांचा सराव पाहावा. घराजवळच्या दफनभूमीतील वाटेवर ते तासन्‌तास अगदी संथ फेऱ्या मारीत असत.

तसे पाहिले तर क्रॉस कंट्रीत वेळेला फारसा अर्थ नसतो, म्हणून परतणाऱ्याला हा प्रकार मला रस्त्यावरच्या शर्यतींहून सोयीचा वाटतो. प्रत्येक माळ वेगळा असल्याने या प्रकारात विश्वविक्रमही नोंदले जात नाहीत. कितवा आलात, एवढेच मोजतात. प्रौढ गट 35 व्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे असतात आणि स्पर्धेच्या पहिल्या दिवशी पुरे झालेले वय धरले जाते. आपल्याला डिसेंबरात 55 पूर्ण होत असतील तर जानेवारीत आपण 55 ते 59 गटातील सर्वांत तरुण भिडूंपैकी असाल. वाढदिवसाची वाट पाहणारे प्रौढ लहान मुलांखेरीज फक्त याच खेळात भेटतात. प्रौढांच्या संघटना आपल्याकडे एकाहून अधिक आहेत. प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी कोणती संघटना कोणाशी संलग्न आहे आणि अंतर किती आहे, हे परिपत्रक वाचून घ्यावे. शर्यतीच्या दिवशी पहिल्या अर्ध्या किलोमीटरच्या झुंबडीत जाऊ नये, मागे राहावे. शेवटच्या फेरीत चढावर चालू लागलेली माणसे आपल्याला आपोआप भेटतील.

प्रश्न : वय 48, नाशिक. शाळा-महाविद्यालयात जिल्ह्याच्या संघातून पळत होते. त्या वेळी मुलींना 4 किलोमीटरच देत असत. धावपटू कविता राऊतची धाव पाहून तेव्हाच पुन्हा पळावेसे वाटले होते, ते आता जमवते आहे. पाळी अनियमित झाली आहे, नडगी दुखते. आणि एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो : उतारावर पळताना थोडी लघवी सुटते. डॉक्टरांनाही सांगितलेले नाही.

उत्तर : लिहिलेत हे चांगले केलेत. बाळंतपण झालेल्या आणि पाळी जाण्याच्या वयातील असंख्य धावणाऱ्या स्त्रियांना हा त्रास असतो, आणि त्या पॅड लावून गप्प बसतात किंवा पळणे सोडतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने हे होते आणि ते व्यायामाने बऱ्याच अंशी सुधारते. लघवी मध्येच रोखल्याप्रमाणे ते स्नायू आत-वर ओढून आठ-दहा सेकंद धरावेत आणि सोडावेत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये. या विषयातील स्त्री फिजिओथेरपिस्ट एकदा गाठल्यास बरे, कारण पुष्कळजणी आत ओढण्याऐवजी खाली जोर देत असतात. निघण्यापूर्वीचा चहा बंद केल्यानेही काहींना फरक पडतो.

नडगीकडे अधिक लक्ष द्यावे. दुखणे नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेले असेल तर ते बहुधा अतिसरावाचे असते. एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एकाच ठिकाणी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी आणि तपासणी होईपर्यंत पळू नये. असा तडा पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत हाडांची घनता सर्वांत वेगाने घटते, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन एवढे पाहून घ्यावे. हाडांसाठी पळण्याहून जड वजने उचलणे अधिक उपयोगी पडते. जेवणात डाळ, दही, अंडी वाढवावीत. वजन उतरवण्याच्या भरात जेवण तोडून पळू नये.

अंतराविषयीची आपली जुनी तक्रार मात्र आता मिटली आहे. 2017 मध्ये युगांडात कंपाला येथे झालेल्या जागतिक क्रॉस कंट्रीपासून वरिष्ठ गटात स्त्रिया आणि पुरुष दोघेही 10 किलोमीटर पळतात.

प्रश्न : माझे बाबा 61 वर्षांचे आहेत, सेनादलातून निवृत्त झाले आहेत. पलटणीसाठी क्रॉस कंट्री पळायचे. आता प्रौढांच्या राष्ट्रीय स्पर्धेची तयारी करीत आहेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे. स्पर्धेत उत्तेजक चाचणी झाली तर ही गोळी अडचणीची ठरेल का? ते उन्हातही पळतात, टोपी घालत नाहीत, आणि ऐकत नाहीत.

उत्तर : गोळीची पट्टी हातात घेऊन नावाखालची बारीक अक्षरे वाचा. रक्तदाबाच्या पुष्कळ जोडगोळ्यांच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असते. त्या ‘एच’चा अर्थ हायड्रोक्लोरोथायाझाइड, म्हणजे लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध. ही औषधे शरीरातील इतर द्रव्ये झाकण्यासाठी वापरली जातात म्हणून प्रतिबंधित यादीत स्पर्धेच्या दिवशीच नव्हे तर बारा महिने आहेत, आणि प्रौढ गटाला त्यातून सवलत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना कारण सांगितले तर ‘एच’ नसलेला पर्याय बहुतेकदा देता येतो; तो चालण्यासारखा नसेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या पुरेसा आधी करावा लागतो. गोळी बीटा-ब्लॉकर प्रकारातली असेल तर धावण्याच्या स्पर्धेत तिला बंदी नाही, पण ती नाडी दाबून ठेवते, त्यामुळे घड्याळावरच्या ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज घेऊ नये.

उन्हाचे त्यांना असे सांगा. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीची शर्यत कडक उन्हात झाली. पाव्हो नुर्मी जिंकले, पण 38 जणांपैकी अवघे 15 शेवटपर्यंत पोहोचले, आणि त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला तो आजतागायत परतलेला नाही. ते सारे ऐन उमेदीतले खेळाडू होते. साठीनंतर तहान उशिरा लागते, घामही उशिरा फुटतो, आणि लघवीची गोळी चालू असेल तर अंगातले पाणी व मीठ आधीच उणे असते. स्पर्धेचे गाव जास्त उष्ण असेल तर दहा ते चौदा दिवस आधीपासून थोडे थोडे उन्हात पळून सवय करावी, एरवी सकाळी सातच्या आत परतावे.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण सेनादलातील माणसांना ही सवय असते म्हणून लिहितो. शर्यतीच्या सकाळी गुडघा दुखू नये म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन उतरणारे पुष्कळ असतात. रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक गोळी एकत्र आली आणि वरून घामाने पाणी गेले, तर मूत्रपिंडे एकाएकी काम थांबवू शकतात. बाबांची स्पर्धेची पिशवी आदल्या रात्री आपणच भरा, आणि असे पाकीट त्यात आढळले तर काढून ठेवा.